राउटर उलटा करून बघा

आज घरातला वाय-फायचा राउटर जरा उलटा करून बघा. खाली एक स्टिकर दिसेल. त्यावर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता असतो आणि त्याखाली नाव व पासवर्ड. बऱ्याच जुन्या राउटरवर दोन्हीकडे एकच शब्द सापडतो: ॲडमिन.

हा वाय-फायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या सेटिंगचा. पहिला आपण हौसेने बदलतो, दुसरा तसाच राहतो. माझ्या मावशीकडे तो सहा वर्षं तसाच होता.

२०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने नेमकं हेच हेरलं. कंपन्यांनी दिलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक ठरावीक जोड्या तो एकेक करून लावून बघायचा. काही लाख कॅमेरे आणि राउटर त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या. आपला कॅमेरा यात सामील आहे, हे बहुतेक मालकांच्या गावीही नव्हतं.

तेव्हा ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, आत शिरा आणि पासवर्ड बदला. नवा पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवलात तरी चालेल. चोर सहसा इंटरनेटवरून येतो, वही उघडून नाही. तिथेच वाय-फायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, पासवर्ड न टाकता जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट दिसलं तर तेही घ्या. फक्त लोडशेडिंगची वेळ टाळा. अपडेट चालू असताना वीज गेली, तर राउटर कायमचा बंद पडू शकतो.