जाहिरातीतील राखीव जागांचा रकाना
(बुद्धविहारात पालकांपुढे केलेले भाषण)



विद्यापीठाची जाहिरात निघाली म्हणजे आपण पगार व शेवटची तारीख पाहतो. तीत भाषा, शिक्षणशास्त्र, आरोग्यविज्ञान अशा विभागांपुढे कोणती जागा राखीव हेही छापलेले असते. हा रकाना भरण्याची रीत आपणांस ठाऊक असली पाहिजे.

केंद्रीय विद्यापीठांत अनुसूचित जातींना 15 टक्के जागा आहेत. म्हणजे 200 जागांच्या बिंदुनामावलीत 30. परंतु गणना समग्र विद्यापीठाची करावयाची की एकेका विभागाची? अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2017 साली विभाग हे एकक ठरविले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 5 मार्च 2018 रोजी तदनुसार परिपत्रक काढले आणि लहान विभागांना 13 बिंदूंची नामावली लागू झाली. तीत आपला पहिला बिंदू सातवा! पाली भाषेच्या विभागात दोन-तीनच अध्यापक असतील, तर सातवी नेमणूक येईपर्यंत किती माणसे निवृत्त व्हावयास हवीत, याचा हिशेब आपणच करावा. जेथे पद एकच, तेथे तर हिशेबही नको. चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1998 सालीच सांगितले होते की, एकमेव पद राखीव ठेवता येत नाही. टक्केवारीस कोणी हात लावला नव्हता. केवळ मोजण्याची पद्धत बदलली होती.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सरकारचे अपील फेटाळले. तेव्हा अध्यापक व विद्यार्थी रस्त्यावर आले. 7 मार्च 2019 रोजी अध्यादेश निघाला व त्याच वर्षी संसदेने कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांत संपूर्ण संस्था हेच एकक ठरविले. काही नामांकित संशोधनसंस्था त्यातून वगळल्या, हे मात्र मला खटकते.

आता आपल्या घरातील गोष्ट. धम्मदीक्षा घेतली, आता दाखल्यावर 'बौद्ध' लिहिले तर मुलीची नोकरी जाईल काय, असे माता हळूच विचारतात. ही भीती निराधार नव्हती. 1956 नंतर चौतीस वर्षे बौद्धांना केंद्राच्या सवलती नव्हत्या. 1990 साली अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात दुरुस्ती झाली आणि हिंदू व शीख यांच्यासमवेत बौद्धही त्यात आले. तेव्हा धर्म लपविण्याचे कारण उरलेले नाही. जातीचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातील हवा. राज्याच्या नमुन्यातील दाखला जोडल्यास अर्ज अडू शकतो.

सहायक प्राध्यापकाच्या पदास सामान्यतः पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींस 50. भाषा व शिक्षणशास्त्राच्या उमेदवारांनी नेट वा सेट परीक्षेचीही तयारी ठेवावी. वैद्यकीय पदांचे नियम निराळे आहेत, ते त्या त्या जाहिरातीत पाहावेत.

कोणी कोरा अर्ज आणला असल्यास सभा संपल्यावर येथेच थांबावे. आपण तो मिळून भरू.