ऐहोळेची शिळा आणि काळाची दोन मापे





प्राचीन भारतीय पुराणकथांत रमले, त्यांना इतिहासाची जाण नव्हती, हे मत जुने आहे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने तशी तक्रार नोंदवली आणि वसाहतकाळातील लेखकांनी तिचा सिद्धान्तच करून टाकला. या मताविरुद्ध मला आज एका शिळेची साक्ष काढायची आहे.

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे येथे टेकडीवर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्ती या कवीने रचलेली राजा दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ती कोरली आहे. तीन महाराष्ट्रके आणि त्यांतील ९९ हजार गावे यांच्या उल्लेखामुळे मराठी अभ्यासकांना ती जिव्हाळ्याची वाटते. तिच्यातील कालनिर्देशाकडेही आपण तितक्याच आस्थेने पाहायला हवे. मंदिर पूर्ण झाले तेव्हा भारतयुद्धाला ३७३५ वर्षे आणि शकराजांच्या गणनेची ५५६ वर्षे लोटली होती, असे कवी सांगतो. दोन्ही गणना एकाच वर्षावर येऊन मिळतात: इ. स. ६३४-३५.

यातील भारतयुद्धापासूनची पहिली गणना म्हणजे इ. स. पू. ३१०२ मध्ये सुरू होणाऱ्या कलियुगाचीच. हा आरंभबिंदू ज्योतिर्विदांनी ग्रहगतीवरून मागे मोजत जाऊन ठरवला. आपल्या वयाच्या तेविसाव्या वर्षी कलियुगाची ३६०० वर्षे सरली होती, असे आर्यभटाने लिहून ठेवले आहे; ते वर्ष इ. स. ४९९. म्हणजे पुराणातील युगकल्पनेला गणिताने आकड्यांची शिस्त लावली होती. दुसरी गणना राजशासनांच्या व्यवहारातली. युगाच्या विराट पटावर आपण कुठे उभे आहोत, हे पहिलीने कळते. राजा कोण, बांधकाम केव्हाचे, हे दुसरीने. विशेष म्हणजे जिनालय उभारणाऱ्या जैन कवीला महाभारतातील युद्धापासून वर्षे मोजण्यात काहीच वावगे वाटले नाही. काळाचा हा पट पंथांच्या सीमा ओलांडून सर्वांचा झाला होता.

पुराणकाळ आणि व्यवहारातला काळ यांची हीच जोड प्राचीन बॅबिलोनमध्ये दिसते. तिथे नववर्षाच्या अकितू उत्सवात चौथ्या दिवशी मार्दुक देवापुढे विश्वोत्पत्तीचे काव्य म्हटले जाई, आणि त्याच नगरीतील पंडित चंद्र-ग्रहांच्या स्थिती, युफ्रेटिसची पाणीपातळी आणि जवाचे भाव यांच्या नियमित नोंदी ठेवत. इ. स. पू. ३२३ मधील अलेक्झांडरच्या मृत्यूची नोंदही त्यांच्याच एका इष्टिकेवर सापडते. दरवर्षी नव्याने घडणारी सृष्टी आणि एकदाच घडून गेलेली घटना, दोन्हींना त्या समाजात जागा होती.

आपल्याकडे ही दोन मापे जोडण्याची परंपरा घराघरांत टिकली आहे. पूजेच्या संकल्पात यजमान कल्प, मन्वंतर आणि युगापासून सुरुवात करतो आणि शक, संवत्सर, मास, तिथी, नक्षत्र असे उतरत आजच्या दिवसापर्यंत पोहोचतो.

मित्रहो, या साक्षीपुढे दोन चुका टाळल्या पाहिजेत. पुराणाचा भाग शोभेचा समजून वगळणे ही एक. ३७३५ या आकड्यावरून भारतयुद्धाची तारीख सिद्ध झाली असे मानणे ही दुसरी. सातव्या शतकातील सुशिक्षित समाज काय मानत होता, याचा तो भक्कम पुरावा आहे. युद्ध कधी झाले, याचा नव्हे. एवढा विवेक राखला तर श्रद्धेचा अवमान होत नाही आणि इतिहासाचाही बळी जात नाही.

तरुण संशोधकांना माझे कळकळीचे सांगणे आहे: शिलालेख आणि ताम्रपट वाचताना मंगलाचरणापासून अखेरच्या शापवचनापर्यंत प्रत्येक ओळ वाचा, संपूर्ण पाठ मराठी भाषांतरासह प्रसिद्ध करा आणि पूर्वजांचा काळ आधी त्यांच्याच मापांनी समजून घ्या. हे काम आपण सर्वांनी मिळून हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.