बादलीभर पाण्यात गाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हटल्यावर मुदत ठेवी नाहीतर नॉमिनेशन यावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण आज मी गाडी धुण्यावर बोलणार आहे. हसू नका. आपल्या वार्षिक सभांची इतिवृत्ते काढून पाहा. पार्किंगच्या खालोखाल ज्या विषयावर आपले आवाज चढले, तो विषय म्हणजे सकाळी पाइप लावून धुतल्या जाणाऱ्या गाड्या. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा खाली स्कूटरी जास्त आणि चारचाकी मोजक्या होत्या. आज घरटी एक गाडी आहे, काही घरी दोन आहेत. पाण्याची टाकी मात्र तीच, तेवढ्याच लिटरची.

भांडणात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर असते. एक म्हणतो, टाकी रिकामी होते. दुसरा म्हणतो, लाखांची गाडी घेतली, ती धुवायची नाही का? माझे म्हणणे असे की गाडी जरूर धुवा, अगदी दर आठवड्याला धुवा, पण पाच लिटर पाण्यात. ते कसे, तेच आज सांगतो.

आधी हिशेब. सवय आहे, सुटत नाही. आपल्या नळाला लावलेली नळी २० लिटरच्या बादलीत सोडा आणि घड्याळ बघा. दाब बरा असेल तर बादली दोन मिनिटांच्या आत भरते. म्हणजे मिनिटाला १० लिटर तरी झाले. पंधरा मिनिटे नळी चालू राहिली की १५० लिटर गेले. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा आपल्याकडचा सरकारी मापदंड आहे. म्हणजे एका माणसाचे आंघोळ, स्वयंपाक, कपडे, भांडी, सगळे धरून दिवसभराचे पाणी आपण एका गाडीवरून पंधरा मिनिटांत गटारीत सोडतो.

आता चाळीस गाड्या धरा आणि आठवड्यातून एकदा धुणे धरा. आठवड्याला ६,००० लिटर, वर्षाला ३,१२,००० लिटर. तेच काम गाडीमागे पाच लिटरमध्ये केले तर वर्षाला १०,४०० लिटर. वाचले तीन लाखांवर, म्हणजे १०,००० लिटरचे तीस टँकर. उन्हाळ्यात टँकर बोलावला की तो खर्च मेंटेनन्समध्ये सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांच्याही. त्यांचा राग मला रास्त वाटतो.

आणि आपण राहतो कुठे? जळगावला वाघूर धरणाचे पाणी आहे, तरी नळ रोज येत नाही. एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. नोकरीत मी काही वर्षे धुळ्याला होतो. धुळ्याच्या नावातच धूळ आहे, अशी आम्ही थट्टा करायचो. पण तापीवरून पाइपलाइन, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव असे सगळे असूनही त्या शहराने आठ-आठ दिवसांआड पाणी बघितले आहे. तिथल्या गृहिणींना पाणी कसे पुरवायचे हे शिकवावे लागत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूसारख्या श्रीमंत शहरात पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लावण्याची वेळ आली. आपल्यावर दंडाची वेळ येण्याआधी आपण शहाणे झालेले बरे.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडी खराब कशाने होते? कमी पाण्याने नाही, घासल्याने होते. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते काचेवरही ओरखडा काढतात, मग रंगाची काय कथा? गाडीच्या रंगावर पारदर्शक लेप असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो केसापेक्षाही पातळ असतो. कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने धूळ झटकली की हेच कण त्या लेपावरून फरफटत जातात. काळी किंवा गडद निळी गाडी उन्हात उभी करून तिरपे बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. त्या रस्त्याने दिलेल्या नाहीत, आपल्या फडक्याने दिलेल्या आहेत.

भरपूर पाणी मारले की धूळ वाहून जाते, हे खरे. पण तेच काम दुसऱ्या रीतीनेही होते. बाजारात ‘रिन्सलेस वॉश’ नावाचे द्रावण मिळते. रिन्सलेस म्हणजे नंतर पाणी मारून खळबळावे लागत नाही असे. त्यात मळ सोडवणारा घटक असतो आणि बुळबुळीतपणा देणारे पॉलिमर असतात. ते धुळीच्या कणाभोवती वेष्टण घालतात, त्यामुळे कण रंगावर न घासता कापडाच्या केसाळ भागात शिरतो. उरलेले द्रावण पुसून टाकायचे, पाणी ओतायचे नाही. साध्या शाम्पूला फेस येतो आणि तो धुऊन काढावाच लागतो, म्हणून शाम्पू इथे चालत नाही. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर तर गाडीला लावूच नका, वरचे मेण निघून जाते.

एका प्रसिद्ध अमेरिकी द्रावणाचे प्रमाण एकास २५६ असे असते. म्हणजे ५ लिटर पाण्यात साधारण २० मिलिलिटर, चार लहान चमचे. एका लिटरच्या बाटलीत पन्नास वेळा गाडी धुऊन होते. प्रत्येक कंपनीचे प्रमाण वेगळे, ते बाटलीवर वाचा. जास्त टाकले म्हणून जास्त स्वच्छ होत नाही, उलट ओशट डाग राहतात. बाटलीची किंमत धुण्यांच्या संख्येने भागा आणि मगच महाग की स्वस्त ते ठरवा.

आता कृती सांगतो. गृहिणींनी क्षमा करावी, पाककृतीसारखेच सांगणार आहे.

साहित्य: एक बादली, पाच लिटर पाणी, द्रावण, एक फवाऱ्याची बाटली, धुण्यासाठी चार-पाच मायक्रोफायबरची कापडे आणि पुसण्यासाठी दोन कोरडी. जुना बनियन, टॉवेल, धोतराचा तुकडा चालणार नाही. सुती कापड धूळ पोटात घेत नाही, पुढे ढकलते.

वेळ: सकाळी ऊन चढायच्या आत, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तापलेल्या बॉनेटवर द्रावण लावले की पुसायच्या आत वाळते आणि डाग धरते.

बादलीत द्रावण मिसळा, त्यातलेच थोडे फवाऱ्याच्या बाटलीत भरा आणि सगळी धुण्याची कापडे बादलीत भिजत टाका. एका वेळी गाडीचा एकच भाग घ्या. आधी छत, मग काचा, मग बॉनेट आणि डिकी, मग दारांचा वरचा भाग, सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग आणि बंपर. वरून खाली यायचे, कारण खाली मळ जास्त असतो. त्या भागावर फवारा मारा आणि अर्धा-एक मिनिट थांबा. मग बादलीतले एक कापड काढा, हलके पिळा, दोनदा घडी घाला. आता उलटसुलट करून त्याच्या आठ स्वच्छ बाजू तुम्हाला मिळतील. एकाच दिशेने, सरळ, जोर न लावता फिरवा. हाताचे वजनही टाकू नका. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बाजू बदला. आठही बाजू मळल्या की ते कापड बाजूला ठेवा आणि दुसरे घ्या. मळलेले कापड पुन्हा बादलीत बुडवायचे नाही. सगळे मर्म या एका नियमात आहे. बादलीतले पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिले, तर काम बरोबर झाले असे समजा.

लगेच कोरड्या कापडाने तो भाग टिपून घ्या आणि पुढच्या भागाकडे वळा. चाके सगळ्यात शेवटी आणि त्यांचे कापड कायमचे वेगळे. ब्रेकची काळी भुकटी लागलेले कापड पुन्हा रंगावर आले तर सगळी मेहनत वाया. जमिनीवर पडलेले कापडही तसेच बाद. नंतर कापडे वेगळी धुवा, कम्फर्टसारखे काही घालू नका, सावलीत वाळवा.

सरावाने अर्ध्या-पाऊण तासात काम होते. पाच लिटरची बादली आमच्या वयाच्या माणसालाही उचलता येते. खालच्या भागासाठी मात्र नातवाला हाक मारावी. गुडघे आपले आहेत.

पाणी कोणते वापरायचे? आपल्या बोअरचे पाणी जड आहे. गाडीवर वाळले की पांढरे ठिपके राहतात, काचेवर तर हमखास. पाचच लिटर लागतात, तेव्हा नळाचे घ्या. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वापरावे, असे अनेक जण सुचवतात. हेतू चांगला आहे, पण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला, टायरला वापरा, रंगाला नको. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचेही तेच. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळपास क्षारविरहित असते, ते या कामाला उत्तम. आपल्याकडे भर उन्हाळ्यात हवा कोरडी, म्हणून ते कमी साचते. पावसाळ्याच्या तोंडाला जास्त मिळते.

ही पद्धत कुठे चालत नाही, तेही सांगितले पाहिजे. केळीच्या मळ्यातून गाडी आली आणि दारांवर काळ्या मातीचा चिखल वाळून बसला असेल, तर पुसायला जाऊ नका. आधी मगाने एक-दोन बादल्या पाणी वरून सोडून चिखल भिजवा आणि उतरवा, मग ही पद्धत वापरा. तरी तीस-चाळीस लिटरच्या आसपासच काम आटोपते. पक्ष्यांच्या विष्ठेवर ओले कापड पाच मिनिटे ठेवा, ती मऊ होऊन निघते. नखाने खरवडू नका.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्याकडे पहाटे गाड्या पुसायला एक मुलगा येतो. एक बादली, एक फडके आणि दहा-बारा गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत पाणी काळे होते आणि पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीवर जाते. मग आपण म्हणतो, पोरगा नीट काम करत नाही. पण त्याच्या हातात आपण दिले काय? एकच फडके! माझी सूचना अशी आहे की प्रत्येक गाडीवाल्याने आपली पाच-सहा कापडे आणि द्रावणाची बाटली त्याच्याकडे सोपवावी. मळलेली कापडे धुऊन ठेवणे आपले काम. रोज फडके मारण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुणे ठरवा. आणि महिन्याचे पैसे कमी करू नका. पाणी कमी लागते म्हणून कसब कमी लागत नाही. पाणी वाचवण्याचा भार त्याच्या पोटावर पडला, तर ती बचत आपल्याला शोभणार नाही. एकदा हात बसला की तो शेजारच्या सोसायट्यांतही हे काम जास्त दराने करू शकेल.

काही जण म्हणतील, सगळे जग पाणी उधळते, आपण पाच लिटरने काय होणार? त्यांना मी आपल्याच मुलखाची आठवण देतो. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असले की कोणत्या फडाला द्यायचे आणि कोणत्याला नाही, हे शेतकरी मिळून ठरवत. त्यामुळे तोटा झाला तर सगळ्यांचा सारखा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, ही माणसे गावानेच नेमलेली. बंधाऱ्याजवळचा म्हणून कोणाला जास्त पाणी नाही. आपली टाकी म्हणजे आपला बंधाराच आहे. तळमजल्यावर राहतो आणि नळ दाराशी आहे म्हणून पाण्यावर जास्त हक्क येत नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या रोजच्या बघण्यातले. जळगावच्या केळीला पूर्वी पाटाने पाणी भरायचे, सगळे रान भिजायचे. मग ठिबक आले, जैन इरिगेशनसारखा उद्योग याच गावात उभा राहिला, आणि आपल्या शेतकऱ्याने झाडाच्या मुळाशी थेंब देऊन केळी पिकवून दाखवली. शेतकरी जे शेतात करू शकला, ते आपण शिकलेली माणसे पार्किंगमध्ये करू शकत नाही?

पार्किंग कोरडे राहिले की आणखी एक फायदा, तो आम्हा म्हाताऱ्यांचा. ओल्या, साबणाच्या फरशीवर पाय घसरून मांडीचे हाड मोडले तर त्याचा खर्च कोणत्याही टँकरपेक्षा मोठा असतो.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे तीन गोष्टी मांडाव्यात, अशी समितीला विनंती करतो. आवारात गाडीसाठी नळी लावायची नाही, बादली चालेल. चिखलाच्या गाडीला मगाने पाणी घ्यायची मुभा असावी. आणि गाडी पुसणाऱ्या मुलाचे पैसे या कारणाने कोणी कापू नयेत. दंड वगैरे मला नको आहे. शेजाऱ्याला दंड लावून सोसायट्या चालत नाहीत.

ज्यांना शंका असेल त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला खाली यावे. मी बादली घेऊन उभा असेन. ‘काय करी राहिना बाबा?’ असे अहिराणीत विचारले तरी चालेल, उत्तर कापड हातात देऊनच मिळेल.