सीमेवरचा विद्यार्थी आणि स्पॅनिशचा वर्ग



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने आपल्या एका निष्ठावंत शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालविलेल्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. कै. गुरुजींनी आयुष्यभर भाषा शिकवली. त्यांच्या स्मृतीस साजेल म्हणून भाषाशिक्षणाचाच विषय मी निवडला आहे. तो वरवर दूरचा वाटेल. निपाणी-बेळगावकडील विद्यार्थी विद्यापीठात जाऊन स्पॅनिशच्या वर्गात बसतो, तेव्हा त्याला काय अनुभव येतो, हे मला सांगायचे आहे.

पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत भरतो. तेथे मी स्पॅनिशसाठी नाव घातले. वर्गात नाना तऱ्हेचे लोक होते. कोणाला भाषांतराचे काम हवे होते, कोणाला परदेशी शिक्षण, तर कोणी निव्वळ हौसेने आले होते. स्पॅनिश ही वीस देशांची राजभाषा असल्याने तिच्या ज्ञानाला बाजारात मोल आहे. आम्ही सीमाभागातले मात्र मनात एक धास्ती घेऊन बसलो होतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या, गावाकडच्या मुलाला युरोपातील भाषा झेपेल काय? हा प्रश्न आजही अनेक पालक विचारतात आणि त्याच भयापोटी मुलाचे नाव मराठी शाळेतून काढतात. म्हणून त्याचे उत्तर अनुभवाच्या आधारे द्यावे, असे मला वाटते.

पहिली अनुकूलता उच्चारांची. स्पॅनिशमध्ये आ, ए, इ, ओ, उ असे पाचच स्वर आहेत, आणि ते स्वच्छ उच्चारले जातात. तेथील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. आपल्या ‘ञ’शी मिळताजुळता ध्वनीही त्या भाषेत आहे. इंग्रजी वळणाने बोलणाऱ्या शहरी सोबत्यांना जे सुटे करून शिकावे लागे, ते आमच्या जिभेवर बाराखडीनेच बसवलेले होते. दुसरी अनुकूलता लिंगाची. निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि विशेषण त्याप्रमाणे बदलते, याचे इंग्रजीतून विचार करणाऱ्यास नवल वाटते. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्याला त्यात नवल ते काय? स्पॅनिशमध्ये तर दोनच लिंगे आहेत, आपण तीन सांभाळतो. आणि सलगीच्या माणसाला उद्देशून स्पॅनिश माणूस ‘तू’च म्हणतो! परक्यासाठी वा वडीलधाऱ्यासाठी ‘उस्तेद’ हा वेगळा शब्द आहे. कोणाशी कसे बोलावे, हा विवेक आम्हाला घरीच मिळालेला होता.

खरा चकित करणारा धडा पुढे आला. ‘मला कॉफी आवडते’ यास स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणतात. येथे कर्ता ‘मी’ नसून कॉफी आहे. संत्री आवडत असतील तर क्रियापदही अनेकवचनी होऊन ‘मे गुस्तान लास नारांखास’ असे होते, जसे आपले ‘मला संत्री आवडतात’. (हा ‘नारांखा’ शब्दही आपल्या ‘नारंग’चे, अरबांनी पश्चिमेस पोहोचवलेले रूप होय.) शेजारच्या बाकावर बेळगावचाच एक कन्नडभाषक सोबती बसत असे. तो हळूच म्हणाला, “ननगे कॉफी इष्ट. आमचेही असेच आहे की!” खरोखर, ‘ननगे’ म्हणजे ‘मला’. जी रचना समजावताना शिक्षिकांना फळा भरावा लागला, ती आम्हा दोघांना एका दमात कळली.

मराठी आणि स्पॅनिश एकाच भाषाकुलातल्या. कन्नड द्राविड कुलातली. तरीही मराठी आणि कन्नड यांची वाक्ये एकाच साच्यात कशी पडतात? याचा अभ्यास आपल्या शेजारीच झालेला आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र बोलल्या जातात. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवून दिले, की तेथील या बोलींचे शब्द आपापले राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीतून दुसरीत शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. म्हणजे शेजार करूनही कोणतीही भाषा मेली नाही, आणि सोबत राहून एकमेकींचे वळण मात्र त्यांनी घेतले.

आता थोडा नाजूक भाग. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ या अर्थी दोन क्रियापदे आहेत. ओळख, जात-प्रकार सांगण्यास ‘सेर’. आणि स्थिती किंवा ठिकाण सांगण्यास ‘एस्तार’. वर्गात अभ्यास दिला होता की आपले गाव कोठे आहे आणि आपली भाषा कोणती, ते सांगा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या इतिहासामुळे असा साधा प्रश्नही आमच्याकडे साधा राहिलेला नाही. मी त्या वादाच्या न्यायान्यायात येथे शिरत नाही. मी वाक्ये लिहिली: ‘निपाणी एस्ता एन कर्नाटक. मि लेंग्वा एस एल मराती.’ गावासाठी एस्तार, भाषेसाठी सेर. आम्हा सीमावासीयांच्या चेहऱ्यावरचे हसू पाहून शिक्षिका म्हणाल्या, “पिरेनीज पर्वतालासुद्धा एस्तारच लागते. व्याकरणातून राजकारण काढू नका.” सूचना रास्तच होती. तरी ठिकाण ही एक बाब आणि भाषा ही दुसरी, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून निर्भयपणे सांगता येतात, एवढा दिलासा त्या दोन वाक्यांनी मला दिला.

स्पेनलाही हे दुखणे ठाऊक आहे. फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, कॅटलान, बास्क आणि गॅलिशियन या भाषांची गळचेपी झाली. १९७८ च्या राज्यघटनेने स्पॅनिश सर्व देशाची राजभाषा ठेवली आणि इतर भाषांना आपापल्या स्वायत्त प्रदेशांत तिच्या जोडीने राजभाषेचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी केली. तेथील वाद मिटले असे नव्हे. परंतु जिला आम्ही ‘स्पॅनिश’ म्हणत होतो, तिला तेथील पुष्कळ लोक ‘कास्तेयानो’, म्हणजे कास्तीय प्रांताची भाषा म्हणतात, हे ऐकले तेव्हा मोठ्या भाषांनाही एक गाव असते, हे उमगले.

शब्दांचा मेळ तर आपल्या बाजारातच सापडतो. निपाणीच्या वखारींतला तंबाखू हा स्पॅनिशमध्ये ‘ताबाको’ आहे. स्पॅनिश खलाशांनी तो शब्द कॅरिबियन बेटांकडून आणला. बटाटाही तिकडचाच. पाव, साबण, चावी हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिले. स्पॅनिशमध्ये त्यांची भावंडे ‘पान’, ‘खाबोन’, ‘याव्हे’ अशी आहेत. आणि महिनाअखेरीस ज्याची वाट पाहतो तो ‘पगार’ म्हणजे ‘पागार’, पैसे देणे! ज्या वखारीत आयाबाया तंबाखू निवडून पगार घेतात, तेथे दोन शब्द तरी समुद्रापलीकडचे आहेत.

‘झेपेल काय?’ या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर एका मराठी माणसाने पूर्वीच देऊन ठेवले आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतील क्रांतिकारक १९२४ साली मेक्सिकोस पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या, आणि हे सारे स्पॅनिशभाषक समाजात राहून. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभा राहिला.

मित्रहो, सीमेवरच्या मुलाजवळ मातृभाषा असते, शेजाऱ्याची भाषा कानावर असते, हिंदी-उर्दू बाजारात असते आणि इंग्रजी शाळेत असते. या पुंजीला आपण ओझे समजत आलो. स्पॅनिशच्या वर्गात ती प्रथमच जमेच्या बाजूला मांडली गेली. स्पॅनिश शिकताना मला हार-जीत वाटली नाही, कारण तिचा माझ्यावर आणि माझा तिच्यावर दावा नव्हता. तेच मोकळे मन घेऊन आपली मुले कन्नड शिकू शकतील काय? आणि आपले कन्नड शेजारी मराठी? सक्तीने हे घडणार नाही, जिज्ञासेने घडेल. मात्र त्यासाठी आपली भाषा घट्ट पायावर उभी हवी. ‘मला आवडते’ हे वाक्य ज्याला स्वतःच्या भाषेत नीट कळले, त्यालाच ते दुसरीत लवकर कळते.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे, की मुलाला पुढे जगातील कोणतीही भाषा शिकवायची असेल, तर तिचा आरंभ याच वर्गांतून होऊ द्यावा. कै. गुरुजींच्या शिकवणुकीचे खरे स्मारक तेच ठरेल.