‘नेलं’ नाही, ‘गेलो’



नवरा-बायको परदेशी फिरून आले की आपल्याकडे बाई काय सांगते? “ह्यांनी मला नेपाळला नेलं.” तिकीट ह्यांनी काढलं, कागद ह्यांच्या पिशवीत, पैसे ह्यांच्या पाकिटात. आपण सामानासारख्या नेलेल्या! हा ‘नेलं’ शब्द आम्हाला कसा सोडावासा वाटला, ते आज सांगतो.

आमच्या बचत गटातल्या तिघी आणि तिघींचे मिस्टर असे आम्ही सहा जण दिवाळीनंतर नेपाळला जाऊन आलो. त्यासाठी गटाचं कर्ज काढायचं नाही हे आधीच ठरलं होतं. सहाही जणांनी दोन वर्षं वेगळे पैसे बाजूला टाकले.

पहिली अडचण पुण्यातच आली. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं, पण आपल्या वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही. आमच्यातल्या एकीच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव होतं आणि तिकीट निघत होतं सासरच्या नावाने. वेळेवर लक्षात आलं म्हणून कार्डावरच्या नावानेच तिकीट काढलं. तेव्हाच ठरवलं, जिचा कागद तिच्याच पर्समध्ये राहील. पैशांचा हिशेबही आम्ही तिघींनी ठेवला. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे एक रुपया साठ पैसे. गटाची वही लिहिणाऱ्यांना ते काय अवघड?

पोखऱ्याला फेवा ताल पाहिला आणि सारंगकोटच्या डोंगरावर गेलो. तिथून पॅराग्लायडिंग करतात. उडवणाऱ्या माणसाने विचारलं, “सर, मॅडमना चालेल का?” सर गप्प! कारण उंचीची भीती सरांना होती, मॅडम तर घरून ठरवूनच आल्या होत्या. क्षणभर आम्हालाही वाटलं, नवरा खाली आणि बायको आकाशात, बरं दिसेल का? पण ताई म्हणाल्या, “मला विचारा, मी सांगते.” आधी विचारून घेतलं, विमा आहे का, कारण प्रवासाच्या साध्या विम्यात असे खेळ बरेचदा धरलेले नसतात. मग सूचना नीट ऐकल्या. उतारावर पळत सुटायचं, सांगेपर्यंत मध्येच बसायचं नाही. ताई उडाल्या. तलावाकाठी उतरल्या तेव्हा मिस्टर चहा घेऊन उभे होते. घाबरतो हे कबूल केल्याने त्यांचं काही कमी झालं नाही.

खरी परीक्षा मुक्तिनाथला झाली. तिथे 108 धारांखाली स्नान करतात. आम्ही सहा महिने पर्वती आणि रविवारी सिंहगड चढलो होतो, त्यामुळे भरवसा होता. पण सिंहगड सुमारे 1,300 मीटर उंच आणि मुक्तिनाथ त्याच्या जवळजवळ तिप्पट. हवा विरळ असली की धट्टाकट्टा माणूसही आजारी पडतो. आमच्यातल्या एका मिस्टरांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. डोकं दुखत होतं, पण बोलत नव्हते. देवाच्या दारात येऊन माघार कशी घ्यायची? बायकोने मात्र ओळखलं. मंदिराची वाट अर्धी झाली होती. ती म्हणाली, “आपण खाली जाऊ.” दोघांनी लांबूनच हात जोडले आणि जीपने जोमसोमला उतरले. संध्याकाळी मिस्टर वरणभात मागू लागले, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असेल तर आणखी वर चढायचं नाही आणि त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं, हे घरून शिकून निघा.

त्या दोघांचं दर्शन राहिलं. पण बाईने “परत फिरू” म्हटलं आणि नवऱ्याने ऐकलं, हे आमच्या मते उडण्याइतकंच धाडसाचं होतं.

1883 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि गोपाळराव मागाहून गेले. तिथे कोणी कोणाला नेलं म्हणायचं?

तेव्हा मैत्रिणींनो, आपलं ओळखपत्र आज काढून बघा. त्यावरचं नाव तपासा. पासपोर्ट करायचा असेल तर तो स्वतःच्या हाताने भरा. आणि फिरून आलात की शेजारणीला सांगा, “आम्ही दोघं गेलो होतो.”