एक दप्तर, तीन प्रती



2012 च्या 21 जूनला मुंबईत मंत्रालयास आग लागून असंख्य फायली भस्मसात झाल्या,
आणि 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी आपल्या भंडारा शहरात शिरले;
एकाच जागी ठेवलेले दप्तर अग्नीच्या आणि जलाच्या किती स्वाधीन असते, याची ही साक्ष.

आता सातबारा संगणकावर आला आहे.
मग संगणकच बंद पडला तर?

एका मोठ्या संगणकात अनेक आभासी सर्व्हर नांदतात, जशी एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे.
वाडा कोसळला, की सारीच बिऱ्हाडे उघड्यावर येतात.
म्हणून त्यांची चीजवस्त, म्हणजे माहिती, एकाच वाड्यात ठेवीत नाहीत.

सेफ नावाच्या मुक्त प्रणालीत माहितीचे लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्याच्या बहुधा तीन प्रती तीन निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात.
पुन्हा सांगतो:
प्रत्येक तुकडा,
तीन प्रती,
तीन यंत्रे.

एक यंत्र निकामी झाले, तर त्यावरचा आभासी सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर उभा राहतो.
हरवलेली प्रत उरलेल्या प्रतींवरून पुन्हा तयार होते.

यंत्रांचा परस्परसंपर्क तुटला, तर बहुमताच्या बाजूसच नोंद करण्याचा अखत्यार राहतो.
हा नियम मला फार मोलाचा वाटतो;
तो नसता, तर एकाच शेताचे दोन परस्परविरुद्ध फेरफार झाले असते.

मात्र चुकून पुसलेली नोंद तिन्ही प्रतींतून पुसली जाते.
त्यासाठी जुनी नक्कल, दूरच्या गावी, निराळी राखावी लागते.