कायद्याच्या उंबऱ्याबाहेरची हिंसा

घरातील मारहाणीचा विषय निघाला की नवरा-बायको एवढीच जोडी डोळ्यांसमोर येते. दोन पुरुषांच्या, दोन स्त्रियांच्या, तृतीयपंथी व्यक्ती व तिच्या साथीदाराच्या घरातही हात उगारला जातो, याची चळवळीने पुरती दखल घेतलेली नाही.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. गुन्हा संपला, संरक्षण मात्र आले नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा पीडित म्हणून केवळ स्त्रीला ओळखतो. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम 377 घेतलेच नाही. त्याबरोबर प्रौढ पुरुषावरील लैंगिक बळजबरीला लागू पडणारी तरतूदही गेली. 2019 च्या कायद्याने तृतीयपंथीयांवरील लैंगिक अत्याचाराला 6 महिने ते 2 वर्षे शिक्षा ठरवली. स्त्रीवरील बलात्काराला किमान 10 वर्षे आहे. समतेची भाषा करणाऱ्या राज्यात हे दोन तराजू कशासाठी?

या हिंसेची झळ थेट आरोग्याला लागते. मार खाणारा साथीदार निरोधाचा आग्रह धरू शकत नाही. बळजबरीनंतर एचआयव्ही टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. घराबाहेर पडण्याचीच चोरी असलेल्याने ती घ्यावीत कशी?

कर्जत-खालापूरच्या वाड्यांत आणि खोपोलीच्या कामगार वस्तीत अडचण दुहेरी आहे. दवाखान्यातील परिचारिका गावातलीच असते, लोकलच्या डब्यात ओळखीचे भेटतात. ‘घरी सांगेन, कारखान्यात सांगेन’ एवढी धमकी पुरते. कंत्राटी मजुराची नोकरी आणि भाड्याची खोली एका शब्दावर जाते. हमसफर ट्रस्टसारखी संस्था 1994 पासून उभी आहे, पण मुंबईत. तिथवर जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत 2017 च्या एचआयव्ही कायद्याने दिलेली गुप्तता पाळली जाते की नाही, यावर लक्ष ठेवणे. पोलीस ठाण्यात तक्रारदारासोबत उभे राहणे. आणि कायदा दुरुस्तीची मागणी ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत नेणे. मात्र पीडिताचे नाव त्याच्या संमतीवाचून कोठेही उच्चारू नये. ती शिस्त पाळली तरच दार ठोठावण्याचे धैर्य कुणाला होईल.